खुर्ची रिकामी, बिलं पास

हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं डिसेंबरचं अधिवेशन भरलं, की आठ-दहा दिवस बेळगावात दोनच विषय असतात: वाहतूक कुठून वळवली, आणि मराठीचं पुढे काय. गेल्या अधिवेशनाच्या दिवसांत एका चहाच्या गाड्यावर तिसरा विषय निघाला आणि मी संपलेला कप हातात धरून अर्धा तास तिथेच उभा राहिलो. विषय जिल्हा पंचायतीचा होता. 2016 मध्ये निवडून आलेल्या 90 सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली, पुढे निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडे गेला. एकाचं म्हणणं, "मेंबर नाहीत ते बरंच हाय की. टक्केवारी वाचली. रस्ते व्हायलेत, बिलं निघायलेत, अडलंय कुणाचं?" दुसऱ्याचं म्हणणं, आपली मराठी माणसं निवडून येतील या भीतीनेच निवडणूक लांबवली आहे. तिसरा दोघांवरही वैतागलेला: सगळे एका माळेचे मणी, कोण बसला काय नि न बसला काय.

तिघेही तावातावाने बोलत होते, आणि तिघेही माणसांबद्दलच बोलत होते. त्या खुर्चीचं काम काय, हे कुणी विचारलं नाही. कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्याने जिल्हा पंचायतीला ज्या स्थायी समित्या नेमायला सांगितल्या आहेत, त्यातल्या एकीचं नावच वित्त, लेखापरीक्षण आणि नियोजन समिती आहे. जिल्ह्यात आलेला पैसा कुठे गेला हे विचारण्यासाठीच कायद्याने मांडलेली ही जागा. सदस्यच नाहीत म्हटल्यावर समिती कुठून येणार? माझं म्हणणं एवढंच, की पैशावर नजर ठेवणारी खुर्ची आपोआप रिकामी राहत नसते, ती रिकामी ठेवलेली असते. आणि एकदा रिकामी ठेवली की ती खर्च करणाऱ्याच्या बाजूने मत देते. तिच्यावर कोण बसतो हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तो नंतरचा. आधी विचारायला हवं ते हे, की ती किती दिवस मोकळी ठेवली आणि त्या दिवसांत काय काय मंजूर झालं.

ही पदं काही अपघाताने मोकळी होत नाहीत. मुदत कायद्यात लिहिलेली असते. नेमणुकीच्या दिवशीच उतरायची तारीख कळलेली असते. कॅनडाचं बघा. तिथे सरकारच्या अंदाजपत्रकाची स्वतंत्र छाननी करून खासदारांना आकडे सांगणारा संसदीय अर्थसंकल्प अधिकारी असतो. 2006 च्या कायद्याने हे पद आलं, 2008 मध्ये केविन पेज पहिले अधिकारी झाले. एफ-35 लढाऊ विमानं सरकार सांगतं त्याहून कितीतरी महाग पडणार आहेत, हे त्यांनी 2011 मध्ये हिशेबासकट मांडलं. मार्च 2013 मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा जागेवर बसायला माणूस ठरलेला नव्हता. संसदेच्या ग्रंथपालांकडे काही महिने जादा कारभार दिला गेला. 2017 मध्ये कायदा बदलून पद आणखी स्वतंत्र केलं, मुदत सात वर्षांची केली. मग सप्टेंबर 2025 मध्ये इव्ह जिरू यांची सात वर्षं भरली तेव्हा काय झालं? पुन्हा तेच. सहा महिन्यांसाठी हंगामी अधिकारी. सात वर्षं आधी ठाऊक असलेली तारीख सरकारला अशी अचानक कशी गाठते? आपल्या घरात सुनेचे दिवस भरत आले की माळ्यावरचा पाळणा आधीच खाली येतो, धुतला-पुसला जातो. सरकारला सात वर्षांतही पाळणा सापडत नाही.

कॅनडात निदान आरडाओरडा होतो. हंगेरीत 2008 च्या कायद्याने आलेल्या अर्थविषयक परिषदेचा पैसा आणि माणसंच 2010 च्या अखेरीस काढून घेतली गेली. आपल्याकडे माहिती अधिकाराचा कायदा 2005 चा, तरी ऑगस्ट 2014 पासून जून 2015 पर्यंत देशाला मुख्य माहिती आयुक्त नव्हता. लोकपालाचा कायदा 2013 चा, पहिला लोकपाल बसला मार्च 2019 मध्ये. ज्यासाठी रामलीला मैदानावर लोक उपाशी बसले, ते पद कायदा झाल्यावर पाच वर्षं नुसतं कागदावर होतं. आणि ज्या खुर्चीचं लाकूडही अजून तासलेलं नाही तिचं काय? अंदाजपत्रकातले आकडे खर्चाच्या आधीच तपासणारी स्वतंत्र वित्तीय परिषद नेमा, असं विजय केळकरांच्या तेराव्या वित्त आयोगापासून पंधराव्यापर्यंत सांगून झालं. परिषद अजून नाही.

पण दिल्ली-ओटावा राहू द्या, आपल्या राज्यातच बघू. कर्नाटकचा लोकायुक्त म्हणजे निव्वळ हिशेब तपासनीस नव्हे; तरी सरकारी पैशाचा राखणदार म्हटलं की इथल्या माणसाला पहिलं तेच नाव आठवतं. जुलै 2011 मध्ये न्या. संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणींवरचा अहवाल दिला आणि महिनाअखेर मुख्यमंत्री येडियुराप्पांना पायउतार व्हावं लागलं. हेगडे निवृत्त झाले, न्या. शिवराज पाटील आले, थोड्याच आठवड्यांत राजीनामा देऊन गेले. मग सप्टेंबर 2011 पासून फेब्रुवारी 2013 पर्यंत खुर्ची मोकळी. सुमारे सतरा महिने. तेव्हा सरकार भाजपचं. पुढे डिसेंबर 2015 पासून जानेवारी 2017 पर्यंत पुन्हा मोकळी, आणि तेव्हा सरकार काँग्रेसचं. एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालेलं दिसतं.

या दुसऱ्या मोकळ्या काळात काय घडलं ते विसरू नये. मार्च 2016 मध्ये सरकारने आदेश काढून एसीबी, म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक विभाग, वेगळा उभा केला आणि भ्रष्टाचाराच्या तपासाचे लोकायुक्त पोलिसांचे अधिकार तिकडे नेले. लोकायुक्त स्वतंत्र, एसीबी सरकारच्या हाताखाली. उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला, पण ऑगस्ट 2022 मध्ये, साडेसहा वर्षांनी. घरधनी परगावी गेलाय हे बघून शेजाऱ्याने बांध सरकवावा, अगदी तसं झालं हे. खुर्चीवर माणूस असता तर आदेश निघाला नसता, असा माझा दावा नाही. पण निदान कुणीतरी उठून "हे माझ्या वाट्याचं आहे" म्हटलं असतं, आणि ते म्हणण्याचा अधिकार असलेलं माणूस कर्नाटकात एकच होतं.

आता समोरच्या बाजूचं नीट ऐकू, कारण ती बाजू अगदीच पोकळ नाही. पहिला मुद्दा असा: माणूस नसला तरी कचेरी असते. इनचार्ज असतो, कारकून असतात, तपासणी चालू राहते. याला भक्कम दाखला अमेरिकेचा आहे. तिथल्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाच्या प्रमुखाने मार्च 2008 मध्ये मुदतीआधीच राजीनामा दिला. जीन डोडारो हंगामी म्हणून बसले आणि डिसेंबर 2010 मध्ये कायम झाले. मधल्या काळात बँका कोसळल्या, सरकारने अब्जावधी डॉलर ओतले, आणि त्या पैशावर या कार्यालयाचे अहवाल ठरल्या वेळी येत राहिले. मान्य. पण तीसएक वर्षं त्याच कचेरीत काढलेला माणूस, 1921 पासूनची संस्था आणि अहवाल मागणारी संसद, एवढं सगळं जमून आलं म्हणून ते निभावलं. एक गाडी ब्रेकविना घाट उतरली म्हणून ब्रेक काढून ठेवायचे का? आणि इनचार्ज माणसाची गोची कुणालाही कळण्यासारखी आहे. त्याच्या टेबलाची किल्लीसुद्धा उसनी असते. ज्याने चार्ज दिला तोच उद्या कायम करणार किंवा मूळ जागी पाठवणार. अशा माणसाने त्याच साहेबाच्या खर्चावर लाल शेरा मारावा, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली कळत होती. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस वगैरे. त्यांची नेमणूक हुजुरातून, बहुतेकदा पिढीजात. मामलेदाराला ते हाताखाली मिळत, पण काढून टाकता येत नसत. वसूल मामलेदार करी, खर्च मामलेदार करी, पण कागद फडणिसाच्या दप्तरातून जायचा आणि मुजुमदाराने तो पारखून घ्यायचा. मामलेदाराला ही मंडळी डोळ्यांत सलत असणारच, आणि ती सलावीत म्हणूनच तिथे बसवलेली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महाल मक्त्याने जाऊ लागले: जो जास्त बोली लावील त्याला महाल, मग त्याने रयतेकडून किती पिळून काढलं ते कोण विचारतो? मक्तेदाराला फडणिसाशी काय देणंघेणं! पुढचं सर्वांना माहीत आहे. आज बेळगाव-खानापुरात मुजुमदार, फडणीस, चिटणीस ही आडनावं आहेत. काम कुठे आहे?

दुसरा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे, आणि तो मला बराच काळ पटतही होता. चुकीचा माणूस बसवण्यापेक्षा खुर्ची मोकळी बरी. मोकळी खुर्ची निदान खोटी सही तरी करत नाही. याला दाखलाही घरचाच. 2015 मध्ये लोकायुक्त कार्यालयातच खंडणीचं प्रकरण बाहेर आलं, लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली, आणि डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. राखणदाराच्याच अंगणात हे घडल्यावर "असला राखणदार असण्यापेक्षा नसलेला परवडला" असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात कसं काढणार? पण ते प्रकरण बाहेर आलं कसं, हेही बघायला हवं. तक्रार त्याच कार्यालयातून उठली, तिथल्याच पोलीस अधिकाऱ्याने आणि उपलोकायुक्तांनी ती पुढे रेटली, वकील रस्त्यावर आले, पदच्युतीची हालचाल सुरू झाली. वाईट माणसाला नाव असतं, पत्ता असतो, त्याच्याविरुद्ध ठराव करता येतो. रिकाम्या खुर्चीवर कसला ठराव करणार आणि कुणाला नोटीस बजावणार? शिवाय "योग्य माणूस मिळेपर्यंत" ही मुदत ठरवणार तो, ज्याच्यावर त्या योग्य माणसाने नजर ठेवायची आहे. चोराने कुत्रा पसंत करेपर्यंत घराला कुत्रा नको, असंच ना हे?

आता एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आपल्याकडे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावोगाव ग्रामपंचायतीची जमाबंदी होते. वर्षाचा जमा-खर्च आणि झालेली कामं लोकांसमोर वाचून दाखवायची, लोकांनी विचारायचं, हवं तर जागेवर जाऊन बघायचं. कल्पना इतकी सुंदर आहे, की कुणाच्या डोक्यातून आली त्याच्या पाया पडावं. पश्चिम भागातल्या एका गावात मी दोन वर्षांमागे गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, दोन टेबलं, बाहेर रिपरिप पाऊस, भाताची रोपं टरारलेली. वरून आलेले अधिकारी तासभर उशिरा आले. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, कन्नडमध्ये यादी वाचायला घेतली, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या वेगाने. पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी चहाच्या किटलीकडे बघत. तेवढ्यात मागून एक सत्तरीचे मामा उठले. हातात गुंडाळलेला कासरा. "ते देवळामागचं गटार किती मीटर म्हणालासा?" वहीत एकशेवीस मीटर होतं. मामा म्हणाले, "माजा कासरा वीस हाताचा. सकाळी मोजून आलोय. नऊ कासऱ्यात गटार संपतंय. तुमचं तेरा कासऱ्याचं कुटं हाय ते दावा की."

व्हरांड्यात हशा पिकला. पीडीओ वहीत बघत राहिले. अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "बरकोळ्री." लिहून घ्या. लिहून घेतलं गेलं, मी स्वतः पाहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गेल्या जमाबंदीतल्या मुद्द्यांचं काय झालं, हा विषयच निघाला नाही. मामांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "वर पाठवलंय." वर म्हणजे कुठे? तालुका पंचायतीत सदस्य नाहीत. जिल्हा पंचायतीत सदस्य नाहीत. हिशेबावर बसायची समिती नाही. कागद वर गेला, आणि वर कुणी नव्हतं. आता हेही सांगायला हवं, की गटाराच्या दोन्ही बाजूंचं बांधकाम धरून किंवा मधला पाईप धरून एकशेवीस भरत असतील. असतीलही. मी इंजिनिअर नाही. उत्तर चोख असू शकतं, पण ते मागायला अधिकाराने बसलेलं कुणी नव्हतं, आणि त्यामुळे प्रामाणिक पीडीओवरचाही संशय फिटला नाही. रिकाम्या खुर्चीचा हा दुसरा तोटा फारसा कुणी मोजत नाही: तिच्यापायी चोर सुटतो आणि साव बदनाम होतो.

यावर जाणकार मंडळी सांगतील, की जिल्हा आणि तालुका पंचायतींचे हिशेब महालेखापालांचे लोक तपासतातच, ग्रामपंचायतींचे राज्याचं लेखा खातं तपासतं, सदस्य असोत-नसोत. बरोबर. आणि ते काम थोर आहे. 30 मे 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी नियंत्रक-महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचं सांगितलं होतं, त्याची कर्तव्यं न्यायसंस्थेच्या कर्तव्यांपेक्षाही मोठी मानली होती. ते ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेल्या माणसाचे शब्द होते. (याच माणसाच्या अध्यक्षतेखाली 1925 मध्ये आपल्या निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती, निपाणीकरांनी तंबाखूइतकाच याचाही अभिमान बाळगायला हरकत नाही.) घटनेत हंगामी सरन्यायाधीशाची सोय आहे, हंगामी महालेखापरीक्षकाची नाही. मला यात शहाणपण दिसतं: ती खुर्ची मोकळी राहण्याची कल्पनाच घटनेने केलेली नाही. पण ही तपासणी वर्ष-दोन वर्षांनी येते, तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, अनामत परत गेलेली असते आणि गटारात गाळ बसलेला असतो. तो पंचनामा झाला. शेताला राखण लागते ती पीक उभं असताना. आणि पंचनाम्याचा कागद तरी कुणासमोर ठेवायचा? ज्यांनी तो वाचून अधिकाऱ्याला उभं करायचं, तीच बाकं रिकामी.

गोखल्यांचा दाखला देऊन काहीजण वेगळंच सांगतात. नामदार गोखल्यांकडे कुठलं पद होतं तपासनिसाचं? 1902 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी सरकारी शिलकीचा बुरखा फाडला, ही शिलक सुबत्तेची नाही, दुष्काळात पिचलेल्या रयतेवरच्या जादा करांची आहे असं दाखवून दिलं, तेही अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नसताना. तेव्हा पदाचं काय घेऊन बसलात, अभ्यासू माणसं हवीत. शेजारच्या कागलात लहानपणी शिकलेल्या या माणसाबद्दल मलाही आदर आहे. पण गोखले एकटे नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत ते घडले होते आणि आकड्यांचा किडा असलेले ग. व्यं. जोशी त्यांच्या पाठीशी होते. आणि त्यांना कायदेमंडळात उभं राहायला जागा होती. 1897 मध्ये ते विलायतेला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर साक्ष द्यायला गेले, तेव्हा समोर ऐकायला आयोग बसलेला होता, म्हणजे खुर्च्या भरलेल्या होत्या. आमचे मामा कासरा घेऊन तयार आहेत, त्यांच्यासमोर आयोग कुठे आहे?

बेळगावकरांना ही रिकामी बाकं नवी नाहीत. नोव्हेंबर 2005 मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून सभागृह बरखास्त झालं. तेव्हा खुर्च्या रिकाम्या करणं ही उघड शिक्षा होती आणि आम्ही ती शिक्षा म्हणूनच भोगली. पण नंतरचं बघा. मार्च 2019 मध्ये सभागृहाची मुदत संपली. निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये. आणि निवडून आलेल्या 58 जणांना महापौर मिळाला फेब्रुवारी 2023 मध्ये! महापौर नाही तोवर स्थायी समित्या नाहीत, आणि त्या समित्यांत एक लेखा समितीही असते. जवळजवळ चार वर्षं. याच काळात शहर स्मार्ट सिटीसाठी उकरलेलं होतं. जानेवारी 2016 च्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव निवडलं गेलं. योजनेत शहरामागे केंद्राचे 500 कोटी आणि जवळपास तेवढाच राज्याचा वाटा, खर्च करणारी वेगळी कंपनी. एवढा पैसा या शहराने पूर्वी क्वचितच पाहिला असेल, आणि तो खर्च होत असताना नगरसेवकांचा लेखा समितीचा टेबल धूळ खात होता. चोरी झाली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा शोधायचं ज्यांचं काम, ते तिथे नव्हते एवढंच. कॅन्टोन्मेंटमध्येही फेब्रुवारी 2021 पासून निवडून आलेलं मंडळ नाही. म्हणजे कॅम्पात राहा, टिळकवाडीत राहा नाहीतर उचगावात, तुमच्या पैशाला तुमच्याकडून विचारणारा माणूस वर्षानुवर्षं नव्हता किंवा अजूनही नाही.

इथे आपल्या मराठी मंडळींना दोन शब्द ऐकवणं भाग आहे. गाड्यावरच्या त्या दुसऱ्या माणसासारखे आपण प्रत्येक निवडणुकीत मराठी किती आले एवढंच मोजतो. गणपती मंडळाच्या खजिनदाराने हिशेबाला आठ दिवस उशीर केला तर त्याला गल्लीतून फिरू देत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत लाभांश अर्धा टक्का कमी झाला की माईक हिसकावतो. पण तालुक्याच्या रस्त्यांच्या पैशाला "त्यांचं सरकार, त्यांचं कागद" म्हणून सोडून देतो. पैसा कुणाचा आहे? घरपट्टी कन्नडमध्ये भरली तर कमी लागते का? आणि हा रोग सीमेच्या अलीकडचाच आहे असंही समजू नका. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं तिथेही प्रशासकच होता. मुंबईची मार्च 2022 मध्ये संपली, तिथेही तीच तऱ्हा. 1956 पासून ज्या राज्यात जायला आपण आसुसलो आहोत, तिथेही खुर्चीवर धूळच होती.

उलट भाषेचा प्रश्न आणि हिशेबाचा प्रश्न इथे एकाच कागदावर येऊन मिळतो. भाषिक अल्पसंख्य समाज 15 टक्के किंवा अधिक असेल तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे जुनं ठरलेलं सूत्र आहे. आपण ते फलकांसाठी आणि सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी मागत आलो, आणि ते बरोबरच. जमाबंदीच्या यादीसाठी किती वेळा मागितलं? मराठीत यादी मिळाली असती तर व्हरांड्यातल्या पन्नास माणसांपैकी एकट्या मामांनाच कासरा सापडला नसता. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेच्या 350-ब कलमाने आयुक्त नेमला, त्याचं विभागीय कार्यालय आपल्या बेळगावात होतं. पहारेकऱ्याचं पद असून काय होतं आणि पहारेकरी नसून काय होतं, हे आपल्याइतकं अनुभवाने दुसऱ्या कुणाला कळायला हवं?

जिल्हा पंचायतीच्या निवडणुका लांबण्यामागे कायद्याची खरी गुंतागुंत आहे, हेही मान्य करतो. मागासवर्गीयांच्या आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने आकडेवारीची अट घातली, आणि ते आरक्षण डावलून निवडणूक उरकणं मलाही पटणारं नाही. पण मतदारसंघ पाडण्याचं काम निवडणूक आयोगाकडून काढून दुसऱ्या आयोगाकडे द्यायचं ठरलं ते कधी? 2021 मध्येच, मुदत संपायच्या सुमारास. घटनेचं 243-ई कलम सांगतं, की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि निवडणूक मुदतीच्या आत पुरी करायची. मग दर वेळी शेवटच्या वर्षीच सीमा कशा आठवतात? वित्त आयोगाचं अनुदानही निवडून आलेल्या मंडळालाच द्यायची अट असते, म्हणजे खुर्ची रिकामी ठेवण्याचा भुर्दंड पुन्हा आपल्याच माथी. माहिती आयुक्तांच्या प्रकरणात फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद मोकळं होण्याआधीच एक-दोन महिने भरतीचं काम सुरू करायला सांगितलं. तेच सगळीकडे लागू का होऊ नये? नवा येईपर्यंत जुन्याने बसून राहावं, आणि तपासनीस नाही तोवर ठरावीक रकमेवरचं नवं काम मंजूरच होऊ नये, असा एक नियम करून बघा. माझी खात्री आहे, ज्या माणसाला शोधायला सतरा महिने लागतात तो मग सतरा दिवसांत सापडेल.

यंदाच्या जमाबंदीला मी पुन्हा त्या गावी जाणार आहे. मामांशी फोनवर बोललो. यंदा नव्या समुदाय भवनाच्या फरशीचं बिल निघालंय म्हणाले, आणि कासऱ्याने फरशी मोजता येत नाही म्हणून नातवाचा टेप मागून ठेवलाय.